संदर्भमूल्ये

पाचशे त्र्याऐंशी.
उलव्यात कलेक्शन सेंटर टाकायचं होतं मला,
एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रीज, दोन खुर्च्या,
रक्त देताना हात टेकायला एक उशी.
बँकेतल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली
आणि आवाज उतरवला,
डॉक्टर उतरवतात तसा.
"मॅडम, एक लोन बुडीत दिसतंय."

एकोणीस वर्षं मी नेरुळच्या लॅबमध्ये आहे.
रिपोर्ट कसा वाचायचा ते मला शिकवू नका.
आधी नाव, मग वय, मग आकडा.
आकडा आधी पाहणारे घाबरतात.
मी आकडाच आधी पाहिला.

घरी येऊन, भांडी तशीच ठेवून, नाव वाचलं.
प्रमिला विलास तांडेल. बरोबर.
जन्मतारीख चौदा. माझी एकोणीस.
पत्ता पहिला: दिवाळे. माझा.
पत्ता दुसरा: करावे गाव, तलावाची बाजू,
भोईर चाळ, खोली सात.
करावे गावात माझी आत्यासुद्धा राहत नाही.

कुठल्यातरी टेबलावर, जेवणाच्या सुट्टीआधी,
कुणीतरी तिच्या कुपीवर माझं लेबल चिकटवलं.
होतं असं. आमच्याकडेही झालं होतं एकदा.
एका आजोबांनी आठवडाभर श्रीखंड सोडलं होतं
दुसऱ्याच्या साखरेपायी.
मी स्वतः गेले होते माफी मागायला, जिना चढून.

माझ्याकडे कुणी आलं नाही.
बँक म्हणाली, ब्युरोला विचारा.
ब्युरो म्हणालं, बँकेला विचारलंय, तीस दिवस थांबा.
पॅनची प्रत दिली, आधारची दिली,
मी मीच आहे असं साध्या कागदावर लिहून दिलं.
सही जुळत नाही म्हणाले.
पुन्हा केली.

त्या तीस दिवसांत तिचा तक्ता मला पाठ झाला.
शून्य, शून्य, शून्य,
चौदा महिने किती नीट भरत होती बाई.
मग ऑगस्टात तीस.
मग साठ. एक्क्याण्णव.
क्रिएटिनिन असंच चढतं,
आधी हळू, मग कुणाचंच ऐकत नाही.
काय झालं गं ऑगस्टात?
पन्नास हजार, व्यवसायासाठी, एवढंच लिहिलंय.
रक्त निदान सांगतं
माणूस उपाशी आला की जेवून.
हा कागद तेवढंही सांगत नाही.

एकतिसाव्या दिवशी मेल आला.
खाते अद्ययावत केले. सातशे एकेचाळीस.
चुकलं असा शब्द त्यात नव्हता,
मी दोनदा शोधला.
आमच्या विलासने कोळंबी आणली.
सोलता सोलता वाटलं,
तिचा विलास काय करत असेल.
लेबल सुटतं,
त्याने कुपी रिकामी होत नाही.

सेंटर सुरू होऊन आता चार महिने झाले.
काल सकाळी फोन आला.
"प्रमिला तांडेल का?"
हो, पण ती नव्हे.
"मग तिचा पत्ता आहे? जुन्या घराला कुलूप आहे, मॅडम,
तुमचं नाव एकच, म्हणून विचारलं."
तलावाची बाजू. भोईर चाळ. खोली सात.
टाइप केलेलं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं,
स्वल्पविरामासकट.
समोर एक मुलगी उशीवर हात टेकून बसली होती,
मूठ आवळून, दुसरीकडे बघत.

"नाही बाबा, माहीत नाही," मी म्हटलं.
फोन उलटा ठेवला,
कोऱ्या लेबलांची गुंडाळी ओढली,
आणि तिला विचारलं,
पूर्ण नाव सांग बाळा. सावकाश.
जन्मतारीखही सांग.